जीभ घसरली की हात उगारला?



आपल्या वर्धा जिल्ह्यात कबड्डीचे सामने असोत की शंकरपट, माईकवर बोलणारा एक माणूस लागतोच. त्याच्या बोलण्यानेच सामन्याला रंग चढतो. टीव्हीवरचा क्रिकेट समालोचक हेच काम करतो, फक्त त्याचे ऐकणारे कोटींत असतात. त्यामुळे अशा माणसाचं काम गेलं की गावभर चर्चा होते आणि कोणीतरी बोलून मोकळं होतं, "काहीतरी भानगड केली असन."

मला आज या 'भानगड' शब्दाबद्दलच बोलायचं आहे. या एकाच शब्दात आपण दोन फार वेगळ्या गोष्टी कोंबतो. एक म्हणजे जीभ घसरणं आणि दुसरी म्हणजे हात उगारणं. शाळेतली मुलंही आपलं ऐकून तेच शिकतात.

उदाहरण पहिलं : संजय मांजरेकर

मुंबईचे संजय मांजरेकर भारताकडून 37 कसोटी सामने खेळले आणि नंतर नावाजलेले समालोचक झाले. 2019 च्या विश्वचषकात ते रवींद्र जडेजाबद्दल बोलले. थोडी फलंदाजी, थोडी गोलंदाजी करणारे असे खेळाडू एकदिवसीय सामन्यांत आपल्याला फारसे पटत नाहीत, असा त्यांचा सूर होता. जडेजाला ते झोंबलं. मी तुमच्यापेक्षा दुप्पट सामने खेळलोय, दुसऱ्यांच्या कामगिरीचा मान ठेवायला शिका, असं त्याने जाहीरपणे सुनावलं. मग 10 जुलैला मँचेस्टरच्या उपांत्य सामन्यात, भारताचे सहा गडी 92 धावांत बाद झाले असताना, त्याने 59 चेंडूंत 77 धावा ठोकल्या. भारत सामना हरला, पण जडेजाने आपल्याला खोटं ठरवलं हे मांजरेकरांनी मोकळेपणाने मान्य केलं.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कोलकात्याला भारतातली पहिली दिवस-रात्र कसोटी झाली. गुलाबी चेंडू नीट दिसतो का, हे खेळाडूंना विचारायला हवं, असं हर्षा भोगले म्हणाले. त्यावर मांजरेकरांचं उत्तर आलं की ते तुम्हालाच विचारावं लागेल, आम्ही खेळलेल्यांना नाही. सोबत काम करणाऱ्याला लाखो लोकांसमोर असं कमी लेखणं चूकच होतं. याबद्दलही त्यांनी पुढे खेद व्यक्त केला.

मार्च 2020 मध्ये भारतीय क्रिकेट मंडळाच्या समालोचकांच्या यादीतून त्यांचं नाव गेलं. त्या वर्षीच्या आयपीएलमध्येही ते नव्हते. मंडळाने कारण जाहीर केलं नाही. गंमत अशी की खुद्द हर्षा भोगलेंवर 2016 मध्ये हीच वेळ आली होती. आयपीएलच्या तोंडावर त्यांना वगळलं गेलं आणि का वगळलं हे आपल्याला कोणी सांगितलंच नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. पुढे दोघेही माईकवर परतले.

उदाहरण दुसरं : मायकेल स्लेटर

ऑस्ट्रेलियाचे सलामीचे फलंदाज मायकेल स्लेटर 74 कसोटी खेळले. निवृत्तीनंतर बरीच वर्षं टीव्हीवर त्यांचा आवाज घराघरांत होता. 2021 मध्ये वाहिनीवरचं त्यांचं काम संपलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणात त्यांना अटक झाली. 2024 मध्ये पुन्हा अटक झाली, जामीन नाकारला गेला. एका महिलेचा गळा दाबण्यासह अनेक गुन्हे त्यांनी कबूल केले. एप्रिल 2025 मध्ये कोर्टाने चार वर्षांची शिक्षा सुनावली. वर्षाहून जास्त काळ ते तुरुंगात काढून बसलेच होते, उरलेली शिक्षा स्थगित झाली. दारूचं व्यसन हाही विषय कोर्टात निघाला.

आपला जिल्हा दारूबंदीचा. तरी दारू आणि घरातली मारहाण यांचं नातं काय असतं, हे आपल्याकडच्या बायांना कोणी शिकवायची गरज नाही.

मग फरक काय?

मांजरेकरांचा शब्द लागला, पण ज्याला लागला त्याला उत्तर देता आलं. जडेजाने तोंडानेही दिलं आणि बॅटनेही दिलं. बंद दाराआड जिचा गळा दाबला जातो तिला असं उत्तर देता येत नाही. म्हणून पहिल्या ठिकाणी समज, माफी, फार तर काही दिवस घरी बसणं पुरतं. दुसऱ्या ठिकाणी पोलीस आणि कोर्टच लागतं.

काही जण म्हणतात, "त्याच्या घरचं तो पाहील, आपल्याला कॉमेंट्रीशी मतलब." हे मला अजिबात पटत नाही. मारहाण ही घरगुती बाब नाही. आपल्या देशात 2005 चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे, महिलांसाठी 181 ही हेल्पलाइन आहे. समालोचकाला सूट नाही, तशी सरपंचाला नाही आणि आम्हा मास्तरांनाही नाही.

दुसऱ्या टोकालाही लोक आहेत. एक वाक्य चुकलं की माणूस कायमचा बाद करा, असं त्यांचं म्हणणं. उचलली जीभ लावली टाळ्याला, हा दोष खराच. पण बोलण्यावर ज्याचं पोट आहे तो हजारो तास बोलतो. त्यात एखादं वाक्य वाकडं जाणारच. पाहायचं ते हे, की चूक दाखवल्यावर तो काय करतो.

कारण सांगितलं पाहिजे

जानेवारी 2019 मध्ये हार्दिक पंड्या आणि के. एल. राहुल टीव्हीवरच्या गप्पांच्या कार्यक्रमात महिलांबद्दल नको ते बोलले. मंडळाने त्यांना ऑस्ट्रेलिया दौऱ्यावरून परत बोलावलं, चौकशी झाली आणि प्रत्येकी 20 लाख रुपये दंड झाला. कशाबद्दल शिक्षा झाली हे साऱ्या देशाला कळलं, त्या दोघांनाही कळलं. ते दोघे पुन्हा खेळलेही. न सांगता यादीतून नाव कापण्यापेक्षा ही पद्धत मला बरी वाटते. कारण न सांगता दिलेल्या शिक्षेतून माणूस फक्त भ्यायला शिकतो. उद्या बाकीचे समालोचकही खरं बोलायला कचरतील आणि आपल्याला नुसती गोड गोड स्तुती ऐकावी लागेल.

वर्गातही असंच असतं. पोराला वर्गाबाहेर उभं केलं आणि कारणच सांगितलं नाही, तर ते बाहेर उभं राहून मास्तरांचा राग करतं. आपल्या चुकीचा विचार करत नाही. 1937 मध्ये याच वर्ध्यात भरलेल्या परिषदेतून नई तालीम पुढे आली. हात, बुद्धी आणि मन एकत्र घडलं पाहिजे, हा तिचा आग्रह होता. जीभ आणि हात दोन्ही आवरायला शिकवणं हे त्याच शिक्षणात येतं.

ऑगस्ट 2022 मध्ये दुबईत आशिया चषकात भारताने पाकिस्तानला हरवलं. सामन्यानंतर जडेजाची मुलाखत घ्यायला मांजरेकरच उभे होते. माझ्याशी बोलायला चालेल ना, असं त्यांनी आधी विचारलं. जडेजा हसला, हो म्हणाला आणि मुलाखत झाली. शब्दाने झालेली जखम अशी भरून येऊ शकते.

विद्यार्थी मित्रांनो, या आठवड्यात गटात बसून एवढं करा. मोठ्या माणसाबद्दलची एखादी बातमी घ्या आणि तीन प्रश्न विचारा. त्याने नेमकं काय केलं? त्रास कोणाला झाला आणि त्याला उत्तर देता आलं का? चूक कळल्यावर तो कसा वागला? या तिघांची उत्तरं मिळेपर्यंत 'भानगड' हा शब्द वापरू नका.