घड्याळ सांगते ते अंतर

जानेवारीत मुंबई मॅरेथॉन संपली की धावपटूंमध्ये एक वाद हमखास रंगतो. शर्यत 42.195 किलोमीटरची, पण कुणाच्या घड्याळात 42.6 भरले तर कुणाच्या 43. मग कुणी आयोजकांना बोल लावतो, कुणी घड्याळाला. प्रत्यक्षात शर्यतीचा मार्ग प्रमाणित सायकलने, वळणांवरची सर्वांत जवळची रेषा धरून मोजतात आणि तो कमी भरू नये म्हणून किलोमीटरमागे एक मीटर जादा ठेवतात. गर्दीतून वाट काढणारा धावपटू त्या रेषेवरून धावत नाही. त्यामुळे त्याचे अंतर थोडे वाढतेच. उरलेला फरक मात्र जीपीएसचा असतो.

जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरतात. त्यांचा संदेश घड्याळापर्यंत यायला किती वेळ लागला, यावरून अंतर काढले जाते आणि जागा ठरवायला किमान चार उपग्रह दिसावे लागतात. वेळेत एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तरी हिशेब 300 मीटरने चुकतो. पेडर रोडसारख्या उंच इमारतींच्या रस्त्यावर हा क्षीण संदेश भिंतींवर आपटून उशिरा पोहोचतो. घड्याळाला वाटते, धावपटू पलीकडच्या गल्लीत आहे! उड्डाणपूल, मेट्रोचा मार्ग आणि पावसात भिजलेली दाट झाडीही अशीच आडवी येते.

यावर उपाय आहेत आणि बहुतेक फुकटातले आहेत. धावायला निघण्याआधी घड्याळ फोनशी जोडून घ्यावे, म्हणजे उपग्रहांच्या स्थानांची ताजी माहिती त्यात उतरते. मोकळ्या आकाशाखाली उभे राहून सिग्नल मिळाल्याची खूण दिसेपर्यंत थांबावे आणि त्यानंतरही मिनिटभर धीर धरावा. इमारतीच्या दारातूनच बटण दाबून पळत सुटणाऱ्याचा पहिला किलोमीटर बहुधा बिघडतो. बॅटरी वाचवण्याचा मोड शर्यतीत बंद ठेवावा. त्यात नोंदी विरळ होतात, वळणे कापली जातात आणि अंतर कमी भरते. घड्याळात एल-1 आणि एल-5 अशा दोन्ही लहरी वापरण्याची सोय असेल, तर ती इमारतींच्या भागात आवर्जून सुरू करावी. बॅटरी लवकर उतरते, पण परावर्तित संदेश ओळखणे सोपे जाते. भारताची 'नाविक' यंत्रणाही एल-5 वापरते. 2023 मध्ये सोडलेल्या एनव्हीएस-01 पासून तिच्यात एल-1 ची भर पडली आहे.

हा प्रश्न केवळ आकड्यांच्या हौसेचा नाही. सिग्नल डळमळला की सर्वांत आधी बिघडतो तो पडद्यावरचा क्षणोक्षणीचा वेग. घड्याळ वेग कमी दाखवते, म्हणून नवखा धावपटू चढावरही जोर लावतो. मुंबईच्या दमट हवेत घाम नीट वाळत नाही, शरीर तापते, नाडी चढते. छातीत दुखणे, गरगरणे ही थांबण्याची सूचना असते. पण नजर मनगटावर खिळलेली असेल तर ती ऐकू येत नाही.

म्हणून घड्याळातले काय खरे मानायचे, हे ठरवून घेतले पाहिजे. त्यातली वेळ अचूक असते, अंतर हा अंदाज असतो. शर्यतीत किलोमीटरच्या प्रत्येक फलकापाशी लॅपचे बटण हाताने दाबले, तर खरा सरासरी वेग कळतो. आयोजकांनीही हे फलक प्रत्येक किलोमीटरला, ठळक आणि नेमक्या जागी लावायला हवेत. घड्याळे विकणाऱ्यांनी 'अचूक जीपीएस' एवढेच न छापता कोणत्या मोडमध्ये किती अचूकता मिळते, हे ग्राहकाला सांगायला हवे. सरावाच्या धावेत शेजाऱ्याशी दोन वाक्ये बोलता येतात का, ही जुनी कसोटी तर कायम आहेच. तिला उपग्रह लागत नाही.