परतीच्या वाटेची किंमत

सायंटॉलॉजीचा विषय निघाला की चर्चा लगेच दोन टोकांना जाऊन बसते. एकीकडे टॉम क्रूझ आणि जॉन ट्रॅव्होल्टा यांच्यासारखे अनुयायी; या पंथामुळे आपले आयुष्य सावरले, असे ते जाहीरपणे सांगतात. दुसरीकडे झेनू नावाच्या साडेसात कोटी वर्षांपूर्वीच्या अंतराळसम्राटाची कथा; ती ऐकून बाहेरचे लोक हसतात आणि पंथ निकालात काढतात. दोन्ही बाजूंनी मूळ मुद्दा हुकतो. अनुयायांना होणारा लाभ खोटा मानण्याचे कारण नाही, आणि अद्भुत कथा सांगणे हा गुन्हा ठरवायचा तर जगातला कुठलाच धर्म सुटणार नाही. श्रद्धा आणि कायदा यांच्या सीमेवरचे प्रश्न या सदरात आपण पाहतो. त्या सीमेवर उभे राहून मला एकच कसोटी महत्त्वाची वाटते: आत आलेल्या माणसाला बाहेर पडायचे झाले, तर पंथ त्याच्याशी कसा वागतो?

आधी लाभाची बाजू. पंथाचे संस्थापक एल. रॉन हबर्ड हे विज्ञानकथा लिहिणारे लेखक. १९५० साली त्यांचे ‘डायनेटिक्स’ हे मनोपचारावरचे पुस्तक आले आणि अमेरिकेत तडाख्याने खपले. त्यातल्या दाव्यांना प्रयोगसिद्ध आधार नाही, असा ठराव अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने त्याच वर्षी केला. तरी लोक येत राहिले, आणि १९५३ मध्ये न्यू जर्सीतील कॅम्डेन येथे ‘चर्च ऑफ सायंटॉलॉजी’ची नोंदणी झाली. लोक का आले, हे ‘ऑडिटिंग’ची बैठक पाहिली की कळते. टेबलाच्या एका बाजूला साधक बसतो, त्याच्या दोन्ही हातांत पत्र्याच्या डब्यांसारख्या दोन नळ्या. त्यांतून अगदी सौम्य वीजप्रवाह जातो आणि समोरच्या ‘ई-मीटर’चा काटा हलतो. ऑडिटर ठरलेला प्रश्न विचारतो, उत्तर मध्येच तोडत नाही, बरेवाईट ठरवत नाही, काट्याकडे पाहत नोंद करतो आणि पुन्हा विचारतो. आयुष्यात ज्याचे कोणी धड ऐकून घेतलेले नाही, त्याला अशा बैठकीनंतर हलके वाटले तर नवल नाही. मात्र काटा दाखवतो तो त्वचेचा विद्युतरोध. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९६३ मध्ये ही यंत्रे जप्त केली; पुढे १९७१ मध्ये न्यायालयाने त्यांचा वापर धार्मिक कामापुरता मर्यादित केला आणि रोगनिदानासाठी यंत्र निरुपयोगी असल्याची सूचना त्यावर लावायला सांगितली. मनाला आराम मिळतो तो ऐकून घेतल्यामुळे. यंत्राचे त्यात काही कर्तृत्व नाही.

सार्वजनिक लाभाचे एक उदाहरण तर कट्टर टीकाकारांनीही मान्य करावे असे आहे. सिडनीच्या चेम्सफर्ड रुग्णालयात हॅरी बेली हे मनोविकारतज्ज्ञ रुग्णांना बार्बिच्युरेट देऊन कित्येक दिवस गुंगीत ठेवत आणि त्यातच विजेचे झटके देत. या ‘डीप स्लीप’ उपचारात किमान २४ रुग्ण दगावले. सायंटॉलॉजीने १९६९ मध्ये स्थापलेल्या मानवाधिकार संघटनेने हे प्रकरण वर्षानुवर्षे लावून धरले. १९८८ मध्ये शाही आयोग नेमला गेला आणि सगळे उघड झाले. मनोविकारशास्त्राशी या पंथाचे जुने वैर आहे, हे खरे. म्हणून त्या रुग्णांना मिळालेल्या न्यायाचे मोल कमी होत नाही. पण त्याच वैरापोटी औषधांची खरोखर गरज असलेला माणूस डॉक्टरपासून दूर राहतो, हेही त्याच हिशेबात धरावे लागते.

आता पैशाचा मुद्दा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९८९ मध्ये आलेल्या हर्नांडेझ खटल्यात पंथाचे दरपत्रकच नोंदले गेले: १९७२ साली साडेबारा तासांच्या ऑडिटिंगला ६२५ डॉलर, शंभर तासांना ४,२५० डॉलर, आणि आगाऊ भरणाऱ्याला ५ टक्के सवलत. ही रक्कम देणगी नसून सेवेचा मोबदला आहे, असे न्यायालयाने ठरवले. यावर कोणी म्हणेल, अभिषेकाचे दर आपल्याकडेही फलकावर लागतात. बरोबर आहे, आणि म्हणून निव्वळ शुल्क घेण्याला मी दोष देत नाही. आक्षेप आहे तो माणसाला आत ओढण्याच्या रीतीवर. पॅरिसमध्ये एका महिलेला रस्त्यात गाठून मोफत व्यक्तिमत्त्व चाचणी देऊ केली गेली. बघता बघता तिचे वीस हजारांहून अधिक युरो पुस्तके, शिबिरे आणि गोळ्यांत गेले. अशा तक्रारींवरून फ्रेंच न्यायालयाने २००९ मध्ये पंथाच्या दोन संस्थांना संघटित फसवणुकीबद्दल दोषी ठरवून ६ लाख युरोंचा दंड केला आणि २०१३ मध्ये वरच्या न्यायालयाने तो कायम ठेवला.

पण पैसा गेला तरी पुन्हा मिळवता येतो. माझ्या लेखी सर्वांत मोठा दोष पुढेच आहे. ऑडिटिंगमध्ये माणूस जे मनातले बोलतो ते कागदावर उतरते आणि त्या फाइली संस्थेकडे राहतात. कर्मचारी म्हणून फुकट शिकलेला माणूस सोडून गेला की त्याच्या नावे शिक्षणाचे बिल निघते. पंथाने शत्रू ठरवलेल्या व्यक्तीशी आप्तांनीही संबंध तोडावेत, अशी ‘डिसकनेक्शन’ची रीत आहे. कॅलिफोर्नियातल्या लॅरी वोलरशाइम यांच्या खटल्यात हे सारे एकत्र आले: मानसिक आजार बळावला, कुटुंब तुटले, धंदा बुडवला गेला, विश्वासाने सांगितलेले बाहेर फुटले. दडपणाखाली केलेल्या अशा गोष्टींना धर्मस्वातंत्र्याचे कवच मिळत नाही, असा निवाडा अपील न्यायालयाने १९८९ मध्ये दिला. २००२ मध्ये पंथाने त्यांना ऐंशी लाख डॉलरहून अधिक रक्कम चुकती केली.

सोडून गेलेले लोक कडवटपणे बोलणारच, त्यांच्यावर किती विसंबायचे, असा पंथाच्या समर्थकांचा सवाल असतो. तो रास्त आहे. पण इथे सर्वांत बोलका पुरावा पंथाच्याच कपाटांतून निघाला. १९७७ मध्ये एफबीआयने टाकलेल्या छाप्यांत सरकारी कार्यालयांतून पळवलेली कागदपत्रे सापडली आणि हबर्ड यांच्या पत्नी मेरी स्यू यांच्यासह अकरा जण दोषी ठरले. टीकात्मक पुस्तक लिहिणाऱ्या पॉलेट कूपर यांना बॉम्बच्या खोट्या धमक्यांत गोवण्याचा कटही त्याच कागदांतून उजेडात आला. ते जुने लोक गेले, आता तसे नाही, असे पंथ म्हणतो. संबंध तोडणे हाही ज्याच्या त्याच्या मर्जीचा प्रश्न असल्याचे सांगतो. सज्ञान माणसाने स्वेच्छेने निवडलेल्या वाटेत इतरांनी पडू नये, हे मलाही मान्य आहे. पण आईवडील, जोडीदार आणि नोकरी एकाच वेळी पणाला लागते, तिथे मर्जी मोकळी उरत नाही. पंथातच जन्मलेल्या मुलाने तर कधी काही निवडलेलेच नसते.

मग बंदी घालावी का? ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने १९६५ मध्ये तो प्रयोग केला. पंथ नाव बदलून टिकला आणि १९८३ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने त्याला धर्म म्हणून मान्यता दिली. श्रद्धेवर बंदी घातली की पंथाला हौतात्म्य मिळते, पीडिताच्या हाती काही लागत नाही. आचरणावर बोट ठेवणारा कायदा जास्त कामाचा, आणि इथे महाराष्ट्राचा अनुभव सांगण्याजोगा आहे. मुंबई राज्याने १९४९ मध्ये धर्मबहिष्काराविरुद्ध कायदा केला. दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये तो रद्द केला. तरीही हा प्रश्न सुटला नाही. २०१६ मध्ये राज्याने सामाजिक बहिष्काराला तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा ठरवली आणि १९६२ चा निकाल २०२३ मध्ये फेरविचारासाठी मोठ्या पीठाकडे गेला. सायंटॉलॉजीला धर्म म्हणावे की धंदा, यावर जगभरची न्यायालये वाद घालत राहोत. कायद्याने हमी द्यायची ती चार साध्या गोष्टींची: सगळा खर्च आधी सांगणे, आजारी माणसाला डॉक्टरपासून न तोडणे, विश्वासाने सांगितलेले गुप्त ठेवणे आणि सोडून जाणाऱ्याची नाती शाबूत राहू देणे. या चार अटी पाळूनही लोक ऑडिटिंगसाठी रांग लावत असतील, तर तो त्यांचा अधिकार आहे आणि त्याच्या बाजूने मी उभा राहीन. पण या अटी ज्या पंथाला जाचक वाटतात, त्याला धर्मस्वातंत्र्याच्या नावाने सवलत मागता येणार नाही, मग तो पंथ सत्तर वर्षांचा असो की सातशे.