नऊ एकांचा 'चमत्कार'

मंडळी, गणिताला चमत्कार म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. पूर्वी मेलमधून ढकलपत्र यायचं, आता तेच व्हॉट्सअॅपवर फिरतं. नऊ वेळा १ लिहा, त्या संख्येचा वर्ग करा, उत्तर १२३४५६७८९८७६५४३२१! खाली जोडलेले हात. आमच्या साताऱ्यात काय नि सांगलीत काय, झटपट गणिताच्या क्लासांचा थाटही हाच. पोरांकडून युक्त्या पाठ करून घ्यायच्या नि पालकांसमोर वदवून घ्यायच्या. 'का' विचारायचं नाही.

अहो, यात चमत्कार कसला? शाळेतला गुणाकार मांडा. १११ गुणिले १११ म्हणजे तीच ओळ तीनदा, दरवेळी एक घर डावीकडे. उभी बेरीज केली की १२३२१. नऊ एकांच्या नऊ ओळी होतात, मधल्या रकान्यात नऊ एक येतात. हातचा कुठेच नाही, म्हणून आकडे शिस्तीत उभे राहतात. आता दहा एक घ्या. मधल्या रकान्यात दहा झाले, हातचा आला, उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. मनोरा ढासळला! ढकलपत्र नवावरच थांबतं ते यामुळे.

'निदान पोरांना गोडी तर लागते ना?' नाही हो. टाळ्यांची गोडी लागते. गणिताची गोडी कशी असते ते देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांकडे बघा. अशा संख्यांना त्यांनी 'डेम्लो' हे नाव दिलं, कारण कल्पना सुचली ती त्या नावाच्या स्टेशनवर, म्हणजे आजच्या डोंबिवलीत. आकड्यांच्या बेरजेने ज्या संख्येला नि:शेष भाग जातो तिला ते 'हर्षद' म्हणत. आपली सतरा आकडी संख्याही हर्षदच. आकड्यांची बेरीज ८१, आणि ८१ ने भाग जातो. का? मुळात नऊ एकांच्या संख्येला ९ ने भाग जातो, मग तिच्या वर्गाला ८१ ने जाणारच. झालं, एवढंच! कापरेकरांचं काम अनेकांना पोरखेळ वाटायचं. १९७५ साली मार्टिन गार्डनरने 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिलं, तेव्हा ते जगभर पोचलं.

आणि हे फक्त शाळेपुरतं नाही बरं. हाच वर्ग एक्सेलमध्ये करा. शेवटी २१ च्या जागी ०० येतील, कारण एक्सेल पंधराच आकडे सांभाळतं. सोळा आकडी कार्ड नंबर संख्या म्हणून टाका, शेवटचा आकडा गुपचूप शून्य होईल. स्क्रीनवर दिसलं म्हणजे खरं, ही सवय लहानपणी लागली की पुढे हापिसात अशी नडते.

असो. भाचरांना अशा क्लासला घालणार असाल तर फी भरण्याआधी तिथल्या सरांना एकच विचारा: 'दहा एक घेतले तर काय होतं, आणि का?' सांगता आलं तर खुशाल घाला. नाही आलं, तर फी वाचली.