पदवीबरोबर संपणारी श्रद्धा?



कॉलेजातली ख्रिस्ती मंडळे म्हणजे गिटार, गाणी आणि पदवी हातात पडताच ओसरणारा उत्साह, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत मला मुळीच पटत नाही. त्यांनी एकदा जामखेडला जाऊन यावे; कॉलेजात रुजलेली श्रद्धा आयुष्यभर कशी टिकते, ते तिथे दिसेल.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकले. प्रार्थना आणि रुग्णसेवा एकाच आयुष्यात नांदतात, हा तिथला संस्कार. खेड्यातल्या उपेक्षितांसाठी जगायचे, हे त्यांनी लग्नाच्या वेळीच ठरवले. १९७० मध्ये दुष्काळी जामखेडमध्ये काम सुरू केले, गावोगावच्या निरक्षर बायकांना आरोग्यसेविका म्हणून घडवले. ज्यांच्या हातचे पाणीही गाव पीत नव्हते, अशा दलित स्त्रिया बाळंतपणे करू लागल्या! १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई १९९९ मध्ये गेल्या, डॉ. रजनीकांत २०११ मध्ये. काम मुलांनी पुढे नेले.

त्याच पत्रात मृत्युपत्रातील दानालाही पत्रलेखक देखावा म्हणतात. पण असे दान करणे पूर्वी सोपे नव्हते. जवळचे नातेवाईक असलेल्या ख्रिस्ती माणसाला धर्मादायासाठीचे मृत्युपत्र मरणाच्या किमान बारा महिने आधी करावे लागे, अशी उत्तराधिकार कायद्याच्या कलम ११८ची अट होती. सर्वोच्च न्यायालयाने ते कलम २००३ मध्ये रद्द केले, त्यामुळे ती आडकाठी उरली नाही. आपल्या वसई पट्ट्यात जमिनींना सोन्याचा भाव आला आहे. त्यातला थोडा वाटा गरीब मुलांच्या कॉलेज-फीसाठी लिहून ठेवावा, असे मला कळकळीने वाटते. मी माझ्या मृत्युपत्रात तसे लिहिले आहे.

– एक वाचक, कामण (ता. वसई)