आपली सहीही त्या करारावर आहे

१९४९ च्या चौथ्या जिनिव्हा करारात कलम ३३ आणि कलम ३४ शेजारीशेजारी आहेत. ३३ सांगतं की ज्याने गुन्हा केला नाही त्याला त्या गुन्ह्याची शिक्षा देता येत नाही. सगळ्या वस्तीला मिळून शिक्षा करणं बेकायदा आहे. ३४ तर एका ओळीत आटोपतं: कुणाला ओलीस ठेवायचं नाही. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने इस्रायलमध्ये घुसून सुमारे १,२०० माणसं मारली, त्यातली बहुतेक साधे नागरिक, आणि २५१ जणांना ओलीस धरून नेलं. तेव्हा चौतिसावं कलम पायदळी तुडवलं गेलं. दोनच दिवसांनी इस्रायलच्या संरक्षणमंत्र्यांनी गाझाची वीज, अन्न आणि इंधन तोडण्याची जाहीर घोषणा केली. ते तेहतिसावं.

आपल्याकडे या विषयावर तावातावाने बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांना यातलं एकच कलम दिसतं. कुठलं, ते त्यांच्या पक्षावरून आधीच सांगता येतं. हा लेख दोन्ही कलमं एकत्र वाचू इच्छिणाऱ्यांसाठी आहे, आणि त्यांना थोडं कामाला लावण्यासाठीही.

आधी हे समजून घेऊ की यात आपला संबंध येतो कुठे. जिनिव्हा करारांना भारताने १९५० मध्ये मान्यता दिली आणि १९६० मध्ये संसदेने त्यासाठी वेगळा कायदा केला. या करारांचं पहिलंच कलम म्हणतं की सही करणाऱ्याने करार स्वतः तर पाळावाच, पण तो पाळला जाईल हेही पाहावं. म्हणजे ही जबाबदारी फक्त लढणाऱ्यांवर नाही. ज्यांनी ज्यांनी सही केली त्या सगळ्यांवर आहे. पॅलेस्टिनी प्रदेशात इस्रायलने बांधलेल्या भिंतीबाबत २००४ मध्ये मत देताना हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हेच सांगितलं: इस्रायलकडून हा करार पाळला जावा यासाठी झटणं हे करारातल्या सर्व देशांचं कर्तव्य आहे. तेव्हा गाझातल्या नागरिकांबद्दल आपल्या सरकारला विचारणं ही परदुःखाची हौस नव्हे. सरकारने आपल्या वतीने एक शब्द दिलेला आहे, आणि त्याचं काय झालं एवढंच आपण विचारतो आहोत.

याहून कडक आहे तो १९४८ चा वंशसंहारविरोधी करार. त्याला भारताने १९५९ मध्ये मान्यता दिली. या कराराचा खरा अर्थ कळला तो स्रेब्रेनिकानंतर. जुलै १९९५ मध्ये बोस्नियातल्या त्या गावी सुमारे आठ हजार मुस्लिम पुरुष आणि मुलगे मारले गेले. संयुक्त राष्ट्रांनी ते गाव ‘सुरक्षित क्षेत्र’ म्हणून जाहीर केलं होतं, तिथे डच शांतिसैनिकही होते. पुढे २००७ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की हा वंशसंहार सर्बियाने स्वतः केला असं सिद्ध होत नाही, पण तो रोखण्यासाठी हाती असलेली वट सर्बियाने वापरली नाही आणि म्हणून सर्बियाने करार मोडला. निकालातला कळीचा मुद्दा वेळेचा आहे. रोखण्याचं कर्तव्य संहार सिद्ध झाल्यावर सुरू होत नाही. तसा गंभीर धोका आहे हे कळलं, किंवा कळायला हवं होतं, त्या क्षणी ते सुरू होतं. कारण सिद्ध होईपर्यंत थांबायचं तर मग रोखायला उरतं काय?

गाझाबाबत हा धोका कागदावर आला २६ जानेवारी २०२४ रोजी. दक्षिण आफ्रिकेच्या तक्रारीवर न्यायालयाने अंतरिम आदेश दिले: वंशसंहाराच्या कक्षेत येणारी कृत्यं होऊ देऊ नका, मदत आत जाऊ द्या. इस्रायल दोषी आहे की नाही हे त्या दिवशी ठरलं नाही. तो खटला अजून चालू आहे आणि इस्रायल आरोप साफ नाकारतो. त्या खंडपीठावर भारताचे न्यायमूर्ती दलवीर भंडारी होते आणि त्यांनी बहुमताच्या बाजूने मत दिलं. हे तेच भंडारी, जे २००४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती झाले होते.

त्या आदेशानंतर काय झालं तेही पाहा. गाझा म्हणजे ३६५ चौरस किलोमीटरची पट्टी, बृहन्मुंबईहून लहान, आणि वस्ती वीस लाखांच्या वर. २ मार्च २०२५ पासून सुमारे अकरा आठवडे तिथे अन्न, औषध, इंधन काहीच आत गेलं नाही. व्यापलेल्या प्रदेशातल्या लोकांना अन्न आणि औषधं मिळतील हे पाहणं ताबा असलेल्या सत्तेवर बंधनकारक आहे; याच करारातलं कलम ५५ ते सांगतं. पुढे मदतवाटपाची नवी केंद्रं निघाली आणि त्यांच्या आसपास शिधा घ्यायला आलेली शेकडो माणसं गोळीबारात मेली. २२ ऑगस्ट २०२५ रोजी भूकस्थितीचं मोजमाप करणाऱ्या आंतरराष्ट्रीय यंत्रणेने गाझा शहर आणि परिसरात दुष्काळ जाहीर केला. इस्रायलने तो निष्कर्षही फेटाळला. पण या दुष्काळाचा पावसाशी काही संबंध नव्हता. ट्रक सीमेवर उभे होते. १० ऑक्टोबर २०२५ ला युद्धविराम लागू झाला, त्यानंतरही माणसं मरत राहिली, आणि नोव्हेंबर संपता संपता गाझाच्या आरोग्य खात्याने मृतांचा आकडा ७० हजारांच्या वर गेल्याचं सांगितलं. हे खातं हमासच्या प्रशासनाखालचं आहे आणि त्याच्या यादीत लढवय्ये आणि नागरिक वेगळे दाखवलेले नाहीत. त्यामुळे हा आकडा वापरताना एवढं सांगूनच वापरावा. सांगून वापरला तरी तो लहान होत नाही.

आता नेहमीचे आक्षेप. ‘हमास लोकांच्या आड लपतो.’ लपतो, आणि माणसांची ढाल करणं हा युद्धगुन्हाच आहे. पण एकाने ढाल केली म्हणून दुसऱ्याला ढालीवर वाटेल तसा वार करायची मुभा मिळत नाही. इमारतीत चोर शिरला म्हणून अख्ख्या इमारतीचं पाणी तोडलं तर आपण त्याला पोलिसांची कारवाई म्हणणार नाही. रुग्णालयाचं उदाहरण घ्या. तिथून शत्रूचं लष्करी काम चालत असेल तर त्याचं संरक्षण जाऊ शकतं, पण आधी इशारा द्यावा लागतो, वाजवी मुदत द्यावी लागते, आणि त्यानंतरही आतल्या रुग्णांचं संरक्षण संपत नाही. ‘बाहेर पडा असं सांगितलं होतं की’ हेही पुरेसं उत्तर नाही. जिथे जायला सांगितलं त्या अल-मवासीच्या तंबूंवरही बॉम्ब पडले.

‘आम्ही २६/११ पाहिलंय’, असं मुंबईकर म्हणतो तेव्हा त्याला गप्प करायची गरज नाही. त्याचा राग खरा आहे. नरिमन हाऊसमधल्या ज्यू केंद्रात कोण मारले गेले हे या शहराला सांगावं लागत नाही. शिवाय कोकणातून गेलेले बेने इस्रायली ज्यू अश्दोद, लोद, दिमोना या गावांत राहतात. त्यांच्यातल्या जुन्या माणसांच्या घरात अजून मराठी ऐकू येते, आणि गाझातून सुटलेल्या रॉकेटांचे भोंगे त्यांनीही ऐकले आहेत. त्यांच्या वस्तीवर रॉकेट टाकणंही तितकंच बेकायदा. कायदा कुणाला माफी द्यायला सांगत नाही. तो इतकंच सांगतो की गुन्हेगाराला धरा, त्याच्या शेजाऱ्याच्या पोराला नको.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जास्त ऐकू येतो: आपल्या देशात प्रश्न काय कमी आहेत? जून २०२५ मध्ये आझाद मैदानावर गाझासाठी निदर्शनं करायला परवानगी नाकारली गेली. त्याविरुद्धची याचिका जुलैमध्ये फेटाळताना मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठानेही साधारण हाच सूर लावला: कचरा, प्रदूषण, पूर यांवर बोला. पुढच्याच महिन्यात पोलिसांनी परवानगी दिली आणि निदर्शनं झाली. न्यायालयाचा मान ठेवून म्हणतो, कचऱ्याबद्दल बोलणारी आणि गाझाबद्दल बोलणारी माणसं बहुतेक वेळा तीच असतात. दोन्हींबद्दल गप्प बसणारीही तीच. आणि ‘मग सुदानचं काय, युक्रेनचं काय?’ असं कुणी विचारलं तर आनंदाने म्हणावं, चला, त्याबद्दलही बोलू. तिथेही हाच करार लागू आहे.

सुरक्षा परिषदेकडून फार आशा ठेवू नये. २००५ मध्ये जगातल्या सगळ्या सरकारांनी मिळून मान्य केलं होतं की एखाद्या जनतेचं रक्षण तिचं सरकार करत नसेल तर जगाने पुढे यावं. पण निर्णयाची किल्ली त्याच परिषदेकडे ठेवली, आणि गाझातल्या युद्धविरामाचे ठराव अमेरिकेने तिथे पुन्हा पुन्हा नकाराधिकार वापरून अडवले. राहिली आमसभा. तिथे भारताचं मत कसं पडलं ते बघा: ऑक्टोबर २०२३ मध्ये तटस्थ, डिसेंबर २०२३ मध्ये युद्धविरामाच्या बाजूने, सप्टेंबर २०२४ मध्ये तटस्थ, १२ जून २०२५ ला १४९ देश युद्धविरामाच्या बाजूने असताना पुन्हा तटस्थ, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये द्विराष्ट्र तोडग्याच्या जाहीरनाम्याच्या बाजूने. तटस्थ राहणं दर वेळी चूक असतं असं मी म्हणणार नाही. पण जे डिसेंबर २०२३ मध्ये योग्य होतं ते जून २०२५ मध्ये, उपासमार वाढलेली असताना, अयोग्य कसं ठरलं याचा खुलासा मागायचा हक्क आपल्याला आहे. पॅलेस्टाईनला १९८८ मध्येच मान्यता देणारा देश आहे हा. इस्रायलशी आपली मैत्री आहे, शस्त्रखरेदी आहे, हे सगळं खरं. मित्राला चार शब्द सुनावता येत नसतील तर त्या मैत्रीचा उपयोग तरी काय?

या युद्धाने एक माणूस आपल्यातलाही नेला. कर्नल वैभव काळे, मूळ नागपूरचे, पुण्यात स्थायिक, लष्करातून निवृत्त होऊन संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा विभागात रुजू झालेले. १३ मे २०२४ रोजी रफाहमध्ये रुग्णालयाकडे जाताना त्यांच्या गाडीवर हल्ला झाला. गाडीवर संयुक्त राष्ट्रांची खूण होती. या युद्धात गाझात मारले गेलेले ते संयुक्त राष्ट्रांचे पहिले परदेशी कर्मचारी. पहिले परदेशी, हे लक्षात घ्या. स्थानिक पॅलेस्टिनी कर्मचारी त्याआधीच शंभरांहून अधिक गेले होते, आणि त्यांची नावं आपल्या वर्तमानपत्रांत आली नाहीत.

तर करायचं काय?

खासदाराला पत्र लिहा. महाराष्ट्रातून लोकसभेवर ४८ जण जातात, गोव्यातून दोन. भावनेचं पत्र नको, त्याला उत्तर देणं फार सोपं असतं. त्यांनी संसदेत परराष्ट्र मंत्रालयाला लेखी प्रश्न विचारावा अशी मागणी करा, कारण त्याचं उत्तर नोंदीत राहतं आणि पुढे कुणालाही दाखवता येतं. मी तीन प्रश्न सुचवतो. जून २०२५ मध्ये तटस्थ राहण्याचं कारण काय? इस्रायलला शस्त्रं आणि त्यांचे सुटे भाग पाठवण्याचे परवाने देताना, ते नागरिकांविरुद्ध वापरले जातील का याची तपासणी होते का, आणि कोण करतं? (सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे परवाने थांबवण्याची याचिका फेटाळली. परराष्ट्र धोरण हा सरकारचा प्रांत, असं कारण दिलं. तेव्हा सरकारलाच विचारणं आलं.) आणि तिसरा, पॅलेस्टिनी निर्वासितांसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेला भारत वर्षाला ५० लाख डॉलर देत आला आहे, त्या संस्थेला गाझात काम करू द्यावं असं आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितल्यावर भारताने इस्रायलकडे ते मांडलं का? या संस्थेच्या नऊ कर्मचाऱ्यांचा ७ ऑक्टोबरच्या हल्ल्यात हात असू शकतो असं संयुक्त राष्ट्रांच्याच चौकशीत निघालं आणि त्यांना काढून टाकलं गेलं. खासदाराचा स्वीय सहाय्यक हे तुम्हाला ऐकवेल, म्हणून माहीत असू द्या. नऊ जणांसाठी हजारो कर्मचाऱ्यांची संस्था बंद पाडणं म्हणजे पुन्हा तेच तेहतिसावं कलम.

फॉरवर्ड करण्याआधी थांबा. २०२३ च्या ऑक्टोबरात सीरियातले जुने व्हिडिओ आणि चक्क संगणकावरच्या युद्धखेळाची दृश्यं गाझाची म्हणून फिरली, आणि ती फिरवण्यात भारतीय खाती पुढे होती. खोटा व्हिडिओ उघडा पडला की त्याच्यासोबत खऱ्यावरचाही विश्वास उडतो, आणि त्याचा फायदा बॉम्ब टाकणाऱ्यालाच होतो.

पैसे द्यायचे असतील तर अनोळखी क्यूआर कोडवर पाठवू नका. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस, युनिसेफ यांसारख्या जुन्या संस्थांच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जाऊन द्या, पावती घ्या. आणि तुमच्या कार्यालयातल्या मुस्लिम सहकाऱ्याला ‘तू हमासचा निषेध करतोस का?’ असं विचारू नका. अलिबागच्या एखाद्या बेने इस्रायली कुटुंबाकडून नेतान्याहूंचा हिशेब मागू नका.

पत्र मराठीत चालतं. एका पानापेक्षा लांब नको, खाली पूर्ण नाव, मतदारसंघ आणि पत्ता घाला. चार शेजाऱ्यांनी वेगवेगळं लिहिलं तर एका पत्रावर चाळीस सह्या घेण्यापेक्षा जास्त परिणाम होतो. प्रश्नाची सूचना खासदाराला उत्तराच्या दिवसाआधी किमान पंधरा दिवस द्यावी लागते, म्हणून पत्र अधिवेशन सुरू होण्याच्या महिनाभर आधी पोचेल असं पाहा. पोच आली नाही तर मतदारसंघातल्या कार्यालयात जाऊन प्रतीवर शिक्का मारून घ्या, आणि पुढच्या अधिवेशनाआधी ती प्रत जोडून पुन्हा लिहा.