प्रकाशकिरण तलासरीपर्यंत पोहोचणार काय?

1945 च्या उठावापूर्वी डहाणू, तलासरी, उंबरगावच्या मुलुखात लग्नासाठी कर्ज काढणारा वारली ‘लग्नगडी’ होऊन जमीनदाराकडे राबे आणि त्याच्या बायकोवरही जमीनदार आपलाच हक्क समजे. त्या अत्याचारांचा पुरावा कोण मागणार? फिर्यादच कुठे होती! आज फिर्याद लिहून घ्यावी लागते. मग प्रश्न उरतो तो पुराव्याचा.

या कामी विज्ञानाने नवे साधन दिले आहे. सी. व्ही. रामन यांनी 1928 साली दाखवून दिले की, पदार्थावर पडलेल्या प्रकाशाचा अल्पसा अंश बदललेल्या तरंगलांबीने परत येतो. या बदलाची ठेवण प्रत्येक पदार्थागणिक वेगळी असल्याने डाग रक्ताचा, वीर्याचा की लाळेचा, हे लेसर किरणाने ओळखता येते. जुन्या रासायनिक चाचणीत डागाचा काही भाग खर्ची पडतो. किरणाने डाग शाबूत राहतो आणि पुढे डीएनए तपासणीस उपयोगी पडतो. रंगीत कापडाच्या चमकेने हे यंत्र गोंधळते, हेही सांगितले पाहिजे. वारली स्त्रीचे लुगडे काही प्रयोगशाळेतली पांढरी चिंधी नव्हे.

परंतु यंत्र म्हणजे न्याय, असा भ्रम पसरवणाऱ्यांना देसाईगंजची आठवण द्यावी लागेल. 1972 साली तेथील पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची फिर्याद झाली. रासायनिक विश्लेषकाला मुलीच्या कपड्यांवर आणि एका आरोपी पोलिसाच्या पायजम्यावर वीर्य आढळले. तरीही सर्वोच्च न्यायालयाने 1978 साली दोघाही पोलिसांना सोडून दिले. मुलीच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नव्हत्या ना! तेथे उणीव रसायनशास्त्राची नव्हती. कायदा बदलण्यासाठी देशभरच्या स्त्रियांना रस्त्यावर उतरावे लागले, तेव्हा कुठे 1983 उजाडले.

1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या नव्या संहितेत सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याचे बंधन आहे; पण अंमलबजावणीस राज्यांना पाच वर्षांची सवलत! कालिन्याची प्रयोगशाळा तलासरीपासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर. ओला कपडा सावलीत न वाळवता प्लास्टिकच्या पिशवीत कोंबला, तर पावसाळ्यातील बुरशी लेसरला पाहण्यासारखे फारसे काही शिल्लक ठेवत नाही.

तेव्हा लेसरच्या जाहिरातींआधी सरकारने डहाणू आणि तलासरीच्या सरकारी रुग्णालयांत कपडे वाळवण्याची बंदिस्त खोली, कागदी लिफाफे आणि रात्रीबेरात्री हजर राहणारी, वारली बोली समजणारी प्रशिक्षित परिचारिका द्यावी. पाच वर्षांची सवलत या दोन तालुक्यांत एक दिवसही वापरू नये.