कास्तकाराले काय फायदा?

"याचा कास्तकाराले काय फायदा?" आमच्या यवतमाळकडे कुठलाही शास्त्रीय विषय गप्प करायला एवढा एक प्रश्न पुरतो. विचारणारे माझेच काका-मामा, आणि ते हा ब्लॉग वाचतात. तर मंडळी, आज जरा भांडतो.

विषय असा. शाळेच्या पुस्तकात पेशीपटल म्हणजे एक साधी रेघ. खरं तर ते सतत वाकतं, त्याच्या पुरचुंड्या सुटतात. वाकवतात कोण? केळ्यासारखा बाक असलेली काही प्रथिनं. त्यांच्या आतल्या बाजूला धन विद्युतभार, पटलावर ऋण, म्हणून ती चिकटतात. थोडी असली तर जिथे आधीच बाक आहे तिथे जाऊन बसतात, म्हणजे बाक ओळखतात. दाटीने जमली तर सपाट पटलालाही वाकवतात. फळमाशीच्या अशा एका प्रथिनाचा नेमका आकार २००४ साली प्रसिद्ध झाला.

आता फवारणीकडे या. मज्जातंतूच्या टोकाशी अ‍ॅसिटिलकोलीनने भरलेल्या पुरचुंड्या असतात, एकेक साधारण ४० नॅनोमीटरची. संदेश देताना त्या पटलात मिसळून रित्या होतात. मग ही वाकडी प्रथिनं नवी पुरचुंडी घडवायला मदत करतात आणि डायनामिन तिची मान कापतं. (या कापण्यावर पुण्याच्या आयसरमध्ये थॉमस पुकाडिल यांच्या गटाने काम केलंय.) बाहेर सांडलेलं अ‍ॅसिटिलकोलीन एक विकर साफ करतं. ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकं नेमकं तेच विकर बंद पाडतात. २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने आपल्या जिल्ह्यात २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, आणि फवारलेल्या औषधांत हीसुद्धा होती.

वाकड्या प्रथिनांच्या अभ्यासाने त्यातलं कुणी वाचलं असतं असं मी म्हणत नाही. त्यासाठी हातमोजे, मास्क आणि जहाल औषधांवर वेळेत बंदी हवी होती. पण अशा विषबाधेवर डॉक्टर अ‍ॅट्रोपिन देतात ते का लागू पडतं, हे कळायला आधी मज्जातंतूचा संदेश रसायनाने जातो हे कळावं लागलं. ते १९२१ मध्ये ऑटो लोवी यांनी बेडकांच्या हृदयांवर दाखवलं. बेडकाच्या हृदयाचा कास्तकाराले काय फायदा होता, सांगा?

फायदा विचारायचाच तर औषध विकणाऱ्याला विचारा, फायदा कुणाचा म्हणून. वणी-पुसदच्या एखाद्या पोरीने "पटल वाकतं कसं?" असं विचारलं, तर तिला नका हा प्रश्न टाकू. कापसाचा भाव पडला तर पुढल्या साली चढेलही. एकदा गप्प केलेलं पोर पुन्हा विचारत नाही.

असो. काका, फोन करा. भांडण पुढे चालू ठेवू.